उधारीवर शिजलेले गिरणगाव

मुंबईच्या गिरणीत नव्याने चिकटलेल्या माणसाच्या हाती पहिला पगार पडायला साधारण दीड महिना लागत असे. महिना भरला की पैसे पुढच्या महिन्याच्या मध्यावर, ही मालकांची जुनी रीत. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला तो १९३६ मध्ये. पहिला पगार हाती पडेपर्यंत कोकणातून बोटीने उतरलेल्या किंवा साताऱ्याकडून गाडीने आलेल्या पोराने खायचे काय? या प्रश्नाचे उत्तर चाळीतल्या एखाद्या खोलीत, शेगडीपुढे बसलेले असे.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी हा सगळा पट्टा भोंग्यांवर चालू लागला. माणसे आली, पण एकटी. घरची शेती सांभाळायला बायको-पोरे गावीच राहिली आणि इथे संसार मांडायला जागाही नव्हती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या जेमतेम सव्वापाचशे. एका गावचे गडी मिळून बैठकीची खोली घेत, तिथे पाळीपाळीने झोपत, आणि जेवायला ‘बाईकडे’ जात.

ही बाई बहुधा त्यांच्याच मुलखातली. कुणाची कारभारीण, कुणाची विधवा. तिच्यासारख्या कितीतरी जणी आधी स्वतःच गिरणीत होत्या. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. पुढे मालकांनी कामाची फेररचना केली, यंत्रे बदलली, आणि पहिली कात्री लागली ती बायकांना. कामगार चळवळीच्या इतिहासात हे प्रकरण फार थोडक्यात उरकले जाते. गिरणीच्या फाटकाबाहेर पडलेल्या बाईला भांडवलाशिवाय जमण्यासारखा धंदा एकच होता.

दहा बाय बाराच्या खोलीत तिचा नवरा, मुले, सासू आणि वर जेवणारे मेंबर. पहिली पाळी सातला लागायची, म्हणजे त्याआधी भाकऱ्या भाजून डबे भरलेले हवेत. त्यासाठी बाई पहाटे अंधारात उठून नळावर नंबर लावी. पहिल्या पाळीचे साडेतीनला सुटत, तेव्हा दुसरीचे आत जात. मध्यरात्री दुसरी सुटली की भुकेले पुन्हा दारात. कोकणच्या माणसाला भात आणि बांगड्याचे कालवण हवे, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी. श्रावणात सगळ्यांचेच वेगळे. मुलांनी अभ्यास करायचा तो चाळीच्या गॅलरीत, कारण आत पंगत बसलेली. दळण, निवडण, मोठाली पातेली घासणे हे सारे घरातल्या मुलींच्या वाट्याला येई, आणि त्यापायी अनेकींची शाळा सुटली. या धंद्याची ही बाजू कौतुकाच्या भरात विसरू नये.

पैशांचा हिशेब मात्र ती चोख ठेवी, पुष्कळदा अक्षरओळख नसताना. महिन्याचा दर ठरलेला, मेंबर गावी गेला की तितके खाडे कापायचे. पण पैसे यायचे पगाराला आणि ज्वारी, तांदूळ, तेल, रॉकेल लागायचे रोज. म्हणून वाण्याकडे खाते, ते तुंबले की सावकार, आणि सावकारही थकला की गळ्यातले गहाण. तिने मेंबरांना दिलेल्या उधारीवर व्याज नव्हते. तिने घेतलेल्या कर्जावर होते, आणि जबर होते. बुडवाबुडवीला आळा बसायचा तो गावकीमुळे: पैसे बुडवणाऱ्याला गणपती-शिमग्याला त्याच वाडीत तोंड दाखवायचे असे.

संपात या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. १९२८ चा संप सुमारे सहा महिने चालला, १९७४ चा ४२ दिवस. पगार बंद, तरी चूल बंद नाही. संप लढवणारे पुढारी आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. तो संप ज्यांच्या उधारीवर तगला त्या बायकांचीही नोंद तितक्याच ठळकपणे व्हायला हवी.

ती जाण प्रेमा पुरव यांना होती. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या या कार्यकर्तीने १९७५ मध्ये चौदा खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजनाही आली होती. पण गहाण ठेवायला काहीच नसलेल्या बाईला बँकेची पायरी चढवणार कोण? मंडळाने बायकांचे गट केले आणि एकमेकींची हमी हेच तारण ठरले. सावकाराच्या जागी बँक आली, पासबुकावर बाईचे स्वतःचे नाव आले.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. महिन्यांमागून महिने गेले, मेंबर एकेक करून गावी परतले आणि त्यांच्यासोबत थकलेली बाकीही गेली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. काही बायकांनी पोळी-भाजी केंद्रे काढली, काहींनी कार्यालयांना डबे पुरवले. अन्नपूर्णा मंडळाने स्वतःची स्वयंपाकघरे चालवून मोठ्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, आणि खोलीतल्या शेगडीवर शिकलेल्या बायका तिथे पगारावर रुजू झाल्या.