दक्षिण आफ्रिका न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी

दक्षिण आफ्रिका न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी (संक्षेप: जेईटीपी) हा दक्षिण आफ्रिका आणि काही औद्योगिक देश यांच्यातील हवामानविषयक अर्थसाहाय्याचा करार आहे. २ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत (कॉप-२६) त्याची घोषणा झाली. कोळशावर आधारलेली वीजनिर्मिती टप्प्याटप्प्याने कमी करणे, नवीकरणीय ऊर्जा वाढवणे आणि या बदलाची झळ बसणाऱ्या कामगारांना व वस्त्यांना पर्यायी उपजीविका मिळवून देणे ही या भागीदारीची उद्दिष्टे आहेत. विकसनशील देशाला कमी उत्सर्जनाच्या मार्गाने विकास साधता यावा, यासाठी अनेक देशांनी मिळून एका देशाशी केलेला या प्रकारचा हा पहिला करार होय. पुढे इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि सेनेगल या देशांशी याच धर्तीवर करार झाले.

== पार्श्वभूमी ==

=== कोळशावरील अवलंबित्व ===

दक्षिण आफ्रिकेतील विजेचा चार-पंचमांशाहून अधिक हिस्सा कोळशापासून मिळत आला आहे. यामुळे मध्यम आकाराची अर्थव्यवस्था असूनही हा देश जगातील पहिल्या पंधरा-वीस मोठ्या उत्सर्जक देशांत गणला जातो. बहुतेक वीजनिर्मिती १९२३ साली स्थापन झालेल्या एस्कॉम या सरकारी कंपनीकडे आहे. देशातील सुमारे ८० टक्के कोळसा म्पुमालांगा या एकाच प्रांतातून निघतो आणि बहुतेक औष्णिक वीजकेंद्रेही तेथेच आहेत. प्रांतातील एमालाह्लेनी (पूर्वीचे विटबँक) या शहराच्या नावाचा अर्थच ‘कोळशाची जागा’ असा आहे. कोळसा खाणींत सुमारे ९० हजार लोक काम करतात. वाहतूक, दुरुस्ती, किरकोळ व्यापार अशा पूरक व्यवसायांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांची संख्या याहून मोठी आहे. देशातील बेरोजगारीचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर असल्याने खाण किंवा वीजकेंद्र बंद होणे हा तेथे प्रथम रोजगाराचा आणि नंतर पर्यावरणाचा प्रश्न ठरतो.

कोळशाचे दुष्परिणामही याच प्रांताला भोगावे लागतात. मार्च २०२२ मध्ये प्रिटोरिया येथील उच्च न्यायालयाने हायव्हेल्ड भागातील धोकादायक वायुप्रदूषण हे आरोग्यास अपायकारक नसलेल्या पर्यावरणाच्या घटनादत्त हक्काचे उल्लंघन असल्याचा निकाल दिला.

=== भारनियमन आणि एस्कॉमचे कर्ज ===

२००७–०८ पासून दक्षिण आफ्रिकेत वेळोवेळी भारनियमन करावे लागले. मागणी भागवण्यासाठी हाती घेतलेली मेडुपी आणि कुसिले ही प्रत्येकी सुमारे ४,८०० मेगावॉट क्षमतेची कोळसा केंद्रे रेंगाळली व त्यांचा खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. मेडुपीसह संबंधित कामांसाठी जागतिक बँकेने २०१० साली ३७५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. जुन्या केंद्रांतील वारंवारचे बिघाड, अपुरी देखभाल आणि भ्रष्टाचार यांमुळे एस्कॉमची स्थिती आणखी खालावली. २०२३ मध्ये वर्षातील बहुतेक दिवस भारनियमन होते. त्याच वर्षी सरकारने एस्कॉमसाठी २५,४०० कोटी रँडची कर्जमुक्ती योजना जाहीर केली.

=== धोरणात्मक तयारी ===

नवीकरणीय ऊर्जेसाठी खासगी उत्पादकांकडून निविदा मागवण्याचा कार्यक्रम दक्षिण आफ्रिकेने २०११ साली सुरू केला. राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्या कार्यकाळात २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षीय हवामान आयोगाची स्थापना झाली. त्यात सरकार, उद्योग, कामगार संघटना आणि नागरी संस्था यांना प्रतिनिधित्व देण्यात आले. २०२१ मध्ये देशाने पॅरिस कराराखालील आपले उद्दिष्ट सुधारून २०३० पर्यंत वार्षिक उत्सर्जन ३५ ते ४२ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतक्या मर्यादेत आणण्याचे जाहीर केले. या मर्यादेची खालची बाजू गाठण्यासाठी बाह्य अर्थसाहाय्य आवश्यक मानले गेले. भागीदारीची वाटाघाट याच आधारावर झाली.

== कराराचे स्वरूप ==

मूळ करारात दक्षिण आफ्रिकेसह फ्रान्स, जर्मनी, युनायटेड किंग्डम, अमेरिका आणि युरोपियन संघ सहभागी होते. तीन ते पाच वर्षांच्या पहिल्या टप्प्यासाठी ८५० कोटी डॉलर उभे करण्याचे वचन भागीदारांनी दिले. २०२३ मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्क हे देशही सहभागी झाले आणि वचन दिलेली एकूण रक्कम १,१०० कोटी डॉलरच्या वर गेली.

‘न्याय्य संक्रमण’ ही संकल्पना मुळात कामगार चळवळीतून आली असून पॅरिस कराराच्या उद्देशिकेतही तिचा उल्लेख आहे. पर्यावरणरक्षणासाठी होणाऱ्या बदलाचा भार केवळ कामगार व गरीब वस्त्यांवर पडू नये, हे तिचे मूळ सूत्र आहे. दक्षिण आफ्रिकेच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय चौकटीत वितरणात्मक, पुनर्स्थापनात्मक आणि प्रक्रियात्मक असे न्यायाचे तीन पैलू सांगितले आहेत. लाभ व तोटा कोणाच्या वाट्याला येतो, झालेली हानी कशी भरून काढायची आणि निर्णयात कोणाला स्थान मिळते, असे हे तीन प्रश्न होत.

=== निधीची रचना ===

मूळ ८५० कोटी डॉलरची विभागणी साधारण पुढीलप्रमाणे होती :

* सवलतीची कर्जे : सुमारे ६३ टक्के
* व्यापारी दराची कर्जे व गुंतवणूक : सुमारे १८ टक्के
* कर्जहमी : सुमारे १५ टक्के
* अनुदाने : सुमारे ४ टक्के

सवलतीच्या कर्जाचा व्याजदर बाजारदरापेक्षा कमी आणि परतफेडीची मुदत अधिक असते. परंतु ते परकीय चलनात फेडावे लागत असल्याने रँडचे मूल्य घसरल्यास बोजा वाढतो. यातील काही कर्जे विशिष्ट प्रकल्पांऐवजी धोरणात्मक सुधारणांशी जोडलेली असून ती थेट सरकारी तिजोरीत जमा होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीच्या विकास बँकांनी दिलेली प्रत्येकी ३० कोटी युरोंची कर्जे या प्रकारची होती.

== गुंतवणूक आराखडा ==

नोव्हेंबर २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने २०२३ ते २०२७ या काळासाठी न्याय्य ऊर्जा संक्रमण गुंतवणूक आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार पाच वर्षांत सुमारे १.४८ लाख कोटी रँड (त्या वेळच्या दराने सुमारे ९,८०० कोटी डॉलर) लागणार होते. म्हणजे भागीदारांनी देऊ केलेली रक्कम एकूण गरजेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होती. उर्वरित निधी देशांतर्गत अर्थसंकल्प, विकास बँका आणि खासगी गुंतवणूक यांतून येणे अपेक्षित होते.

आराखड्यातील गरजेचा सर्वांत मोठा भाग, सुमारे ७१,१०० कोटी रँड, वीज क्षेत्रासाठी आहे. हरित हायड्रोजन आणि नगरपालिकांच्या वीज वितरण व्यवस्था यांसाठी प्रत्येकी सुमारे ३१,९०० कोटी रँड, तर विद्युत वाहनांसारख्या नव्या वाहन उद्योगासाठी सुमारे १२,८०० कोटी रँड दाखवले आहेत. वीज क्षेत्राच्या रकमेतच म्पुमालांगातील आर्थिक विविधीकरण व सामाजिक संरक्षण यांसाठी सुमारे ६,००० कोटी रँडचा समावेश आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणी आराखडा प्रसिद्ध झाला.

वाहन आणि हायड्रोजन या क्षेत्रांच्या समावेशामागे निर्यातीचा विचार आहे. युरोपियन संघाने आयात मालावरील कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा पूर्वतयारीचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू केला. कोळशाच्या विजेवर तयार होणारे पोलाद व ॲल्युमिनियम यांना या आकारणीचा फटका बसू शकतो.

== कोमाती वीजकेंद्र ==

म्पुमालांगातील कोमाती हे १९६१ साली सुरू झालेले व पूर्ण क्षमतेला १,००० मेगावॉटचे वीजकेंद्र ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद करण्यात आले. त्याच्या रूपांतरासाठी जागतिक बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९.७ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. त्यात ४३.९५ कोटी डॉलरचे कर्ज, कॅनडाच्या निधीतून ४.७५ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज आणि १ कोटी डॉलरचे अनुदान यांचा समावेश होता. त्या जागी १५० मेगावॉट सौर, ७० मेगावॉट पवन आणि १५० मेगावॉट बॅटरी साठवण उभारणे, तसेच प्रशिक्षण केंद्र चालवणे अशी योजना होती.

एस्कॉमच्या कायम कर्मचाऱ्यांना इतर केंद्रांत सामावून घेण्यात आले. मात्र कंत्राटी कामगार आणि त्यांच्या मजुरीवर चालणारी छोटी दुकाने, भाड्याची घरे व खाणावळी यांना पर्याय मिळण्याआधीच उत्पन्न गमवावे लागले. केंद्र बंद होण्याची तारीख अनेक वर्षे आधी ठरलेली असूनही स्थानिकांशी चर्चा आणि नव्या प्रकल्पांची तयारी उशिरा सुरू झाली, असा निष्कर्ष राष्ट्राध्यक्षीय हवामान आयोगाने २०२३ मध्ये काढला. आधी पर्यायी रोजगार उभा करावा व मग केंद्र बंद करावे, हा धडा कोमातीवरून पुढील नियोजनात वारंवार सांगितला जातो.

== अंमलबजावणीतील अडचणी ==

=== पारेषण जाळे ===

सौर व पवन ऊर्जेला सर्वाधिक अनुकूल प्रदेश नॉर्दर्न केप, ईस्टर्न केप व वेस्टर्न केप या प्रांतांत आहेत, तर उच्चदाब वाहिन्यांचे दाट जाळे कोळशाच्या म्पुमालांगात आहे. परिणामी वीज तयार करण्याची तयारी असूनही ती वाहून नेण्यास जागा उरत नाही. २०२२ च्या निविदा फेरीत केप प्रांतांतील जाळ्याची क्षमता संपल्यामुळे एकाही पवन प्रकल्पाची निवड होऊ शकली नाही. पुढील दहा वर्षांत सुमारे १४,००० किलोमीटर नव्या वाहिन्या लागतील, असा अंदाज आहे. पारेषणाचे काम एस्कॉमपासून वेगळे करून स्थापन केलेल्या राष्ट्रीय पारेषण कंपनीने १ जुलै २०२४ पासून कामकाज सुरू केले.

=== कोळसा केंद्रांना मुदतवाढ ===

भारनियमनाच्या काळात चालू केंद्रे बंद करण्यास जनमताचा व सरकारमधील एका गटाचा विरोध वाढला. त्यामुळे कामडेन, ग्रूटव्लेई आणि हेंड्रिना ही जुनी केंद्रे २०३० पर्यंत चालू ठेवण्याचे ठरले. यामुळे उत्सर्जन घटवण्याचे मूळ वेळापत्रक लांबले.

=== अमेरिकेची माघार ===

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने या भागीदारीतून माघार घेतली. त्यामुळे अनुदाने आणि सुमारे १०० कोटी डॉलरची संभाव्य व्यापारी गुंतवणूक रद्द झाली. उर्वरित भागीदारांनी आपली वचने कायम असल्याचे सांगितले.

== मूल्यमापन आणि टीका ==

समर्थकांच्या मते, स्वतंत्र प्रकल्पांना तुटक मदत देण्याऐवजी संपूर्ण क्षेत्राच्या बदलासाठी एकत्रित आराखडा करणे आणि तो संबंधित देशानेच तयार करणे, हे या प्रारूपाचे वेगळेपण आहे. जुलै २०२४ मध्ये मंजुरी मिळालेला हवामान बदल कायदा आणि वीज बाजार खुला करणारी कायदादुरुस्ती यांमुळे त्याला कायदेशीर आधार मिळाला.

टीकेचा मुख्य रोख कर्जाच्या मोठ्या प्रमाणावर आहे. ऐतिहासिक उत्सर्जनाची जबाबदारी असलेल्या देशांनी कर्जबाजारी देशाला आणखी कर्ज देणे न्याय्य कसे, असा प्रश्न नागरी संस्थांनी उपस्थित केला आहे. कामगार प्रशिक्षण, खाणक्षेत्राचे पुनर्वसन, सामाजिक संरक्षण यांसारख्या कामांतून परतावा मिळत नसल्याने ती कर्जावर चालू शकत नाहीत; नेमकी त्यांच्यासाठीच लागणारी अनुदाने सर्वांत कमी आहेत. कामगार संघटनांनी एस्कॉमच्या विभाजनाला आणि ऊर्जा क्षेत्राच्या खासगीकरणाला विरोध केला आहे. नव्या सौर व पवन प्रकल्पांतील बहुतेक रोजगार बांधकामाच्या काळापुरते असतात व ते कोळसापट्ट्यापासून शेकडो किलोमीटर दूर निर्माण होतात, याकडेही त्या लक्ष वेधतात.

== इतर देशांतील करार ==

नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियाशी २,००० कोटी डॉलरचा, डिसेंबर २०२२ मध्ये व्हिएतनामशी १,५५० कोटी डॉलरचा आणि जून २०२३ मध्ये सेनेगलशी २५० कोटी युरोंचा करार जाहीर झाला. जून २०२२ मधील जी-७ परिषदेच्या निवेदनात भारताचाही संभाव्य भागीदार म्हणून उल्लेख होता. मात्र भारताने असा करार केला नाही.

== हेही पहा ==

* पॅरिस करार
* हवामान बदल
* नवीकरणीय ऊर्जा
* एस्कॉम
* म्पुमालांगा