संगणकाच्या पाठीवरचा इतिहास

घरात चित्रपट आणि गाणी नीट ऐकता यावीत म्हणून टीव्हीला जोडायला कोणता संगणक घ्यावा, असा प्रश्न हल्ली आमच्या शिक्षककक्षात मला वरचेवर विचारला जातो. मी इतिहासाचा माणूस, यंत्राचा नव्हे. म्हणूनच मी विचारणाऱ्याला सांगतो, की दुकानात गेल्यावर संगणकाचे तोंड पाहू नका, पाठ पाहा. पाठीमागच्या त्या खाचा म्हणजे गेल्या चाळीसेक वर्षांचा कोरीव लेखच आहे. तो वाचता आला तर खिशातले पुष्कळ पैसे वाचतात.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाला आवाज होता तो ‘पीं’ करण्यापुरता. संगीत हवे असेल तर वेगळे कार्ड बसवावे लागे. १९८७ मधले ॲडलिब आणि १९८९ मधले सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर ही त्यांतली गाजलेली नावे. १९९७ साली इंटेलने एसी-९७ हा आराखडा ठरवून दिला आणि आवाजाची सोय मुख्य बोर्डावरच येऊ लागली. २००४ साली त्याच्या जागी दुसरा आराखडा आला, त्याचे नाव ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’. सेकंदाला १,९२,००० नमुने, ३२ बिट आणि आठ वाहिन्या ही त्याची कमाल मर्यादा. नाव मात्र असे भारदस्त, की दुकानदार खोक्यावरची अक्षरे दाखवून मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाला वाटते, चित्रपटगृहच घरी आले. आराखडा असणे वेगळे आणि तो आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचणे वेगळे.

हे ‘नमुने’ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजायची आणि ती मापे आकड्यांत लिहून ठेवायची. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. नमुने त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. मग १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने ४४,१०० हा अडनिडा आकडा का घेतला? तर त्या काळी हे आकडे साठवायला व्हिडिओ टेप वापरीत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत दर ओळीत ३ नमुने, कामाच्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे. गुणाकार करा, ४४,१०० येतात. युरोपच्या पद्धतीत ३ गुणिले २९४ गुणिले ५०, उत्तर तेच. दोन पद्धतींच्या सीमेवर जुळलेला हा आकडा आहे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे कौतुक वाटायला हरकत नाही! दहावीच्या मुलांना मी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवतो, तेव्हा इतिहासाच्या तासाला गणित कशाला, असे कोणी विचारीत नाही.

आता तारेकडे वळू. सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीच्या काळात एक डिजिटल जोडणी ठरवली, तिला एसपीडीआयएफ म्हणतात. लाल उजेडाची ती चौकोनी खाच आजही काही संगणकांवर दिसते. ती बेतली होती दोन वाहिन्यांसाठी, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिटांसाठी. डीव्हीडीचा सहा वाहिन्यांचा डॉल्बी डिजिटल आवाज दाबून लहान केलेला असल्यामुळे त्यातून जाई. पण २००६ साली ब्लू-रे आली. तिच्यावर डॉल्बी ट्रू-एचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या रूपांत मूळ आवाज कणभरही न गमावता ठेवता येऊ लागला. आठ वाहिन्या, २४ बिट, ९६,००० नमुने धरले तर सेकंदाला १ कोटी ८४ लाख बिट होतात, सीडीच्या तेरा पट. बैलगाडीच्या वाटेवरून मालगाडी कशी जावी?

रुंद रस्ता होता. एचडीएमआय २००२ सालीच ठरली होती. पण त्या रस्त्यावर चोरीच्या भीतीने कुलपे घातलेली होती. संगणक तो आवाज उलगडू शकत असे, तरी कुलपाची व्यवस्था नसली तर काही प्लेअर तो मुद्दाम जवळपास सीडीच्या दर्जावर उतरवून बाहेर सोडीत. तबकडी विकत घेणाऱ्या प्रामाणिक माणसालाच त्याचा जाच, हे मला आजही पटत नाही. २००८ साली एटीआयच्या रेडिऑन एचडी ४००० मालिकेने आठ वाहिन्या एचडीएमआयवर आणल्या. २००९ च्या ५००० मालिकेने मूळ प्रवाह जसाच्या तसा ॲम्प्लिफायरकडे धाडला. २०१० च्या आरंभी इंटेलच्या साध्या प्रोसेसरांतही ती सोय आली. तेव्हापासून या कामासाठी महागडे साउंड कार्ड घेण्याचे कारण उरलेले नाही.

नवे ते सरस, असेही नाही. फोर-के ब्लू-रेच्या कुलपाला इंटेलच्या प्रोसेसरातील एसजीएक्स नावाची सोय लागत असे. २०२१ च्या अकराव्या पिढीपासून कंपनीने ती डेस्कटॉपमधून काढून टाकली. त्यामुळे विकत घेतलेली तबकडी जुन्या यंत्रावर रीतसर चालते, नव्यावर चालत नाही. आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दोन्हींवर ‘ई-आर्क’ ही अक्षरे पाहावीत. नुसत्या ‘आर्क’मधून तो दाबलेलाच जातो. आणि पंख्याचा आवाज दुकानातल्या गोंगाटात ऐकू येत नाही, रात्री घरी येतो.

माझ्या आईने ऐंशी ओलांडली आहे. टीव्हीच्या दोन स्पीकरांत सहा वाहिन्या कोंबल्या की पार्श्वसंगीताखाली संवाद बुडतात आणि ती दर वाक्याला “काय म्हणाला रे?” म्हणून विचारते. सहा वाहिन्यांत बहुतेक संवाद मधल्या वाहिनीवर असतात. तिला स्वतंत्र स्पीकर दिला की निम्मे दुखणे बरे होते. डीव्हीडीवर आठ भाषांच्या ध्वनिपट्ट्यांची सोय होती. माझ्या कपाटातल्या एकाही तबकडीवर मराठी आणि कन्नड अशी जोडी नाही, ही खंत सुनेची आणि आईची सामाईक आहे.

आईला मात्र खरे हवे असते ते गंगूबाई हनगलांचे तरुणपणीचे मराठी भावगीत, ग. ना. जोशींबरोबर गायलेले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जे उतरलेच नाही, ते १,९२,००० नमुन्यांनी येणार नाही. त्याला सीडीचा दर्जा पुरून उरतो. म्हणून यंदा आमच्याकडे आधी मधला स्पीकर आला. संगणक सात वर्षांपूर्वीचाच आहे. त्याच्या पाठीवर एचडीएमआय आहे, आणि तो रात्री गप्प असतो.