नव्वद मिनिटांची सूचना

२४ जून १९७५. सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीकालीन न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाला सशर्त स्थगिती देतात. रायबरेलीची निवडणूक रद्द ठरलेल्या इंदिरा गांधी पंतप्रधानपदी राहू शकतात, लोकसभेत बसू शकतात. मतदान मात्र करू शकत नाहीत.

२५ जून, सकाळ. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर रे यांना पंतप्रधानांच्या निवासस्थानी, १, सफदरजंग रोडवर बोलावणे. पेशाने बॅरिस्टर असलेले रे घटनेचे कलम ३५२, म्हणजे आणीबाणी, सुचवतात. कारण : अंतर्गत अशांतता. वास्तविक १९७१च्या युद्धातली आणीबाणी अजून उठलेलीच नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाच. इंदिरा गांधी आणि रे राष्ट्रपती भवनात. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद राजी होतात. मंत्रिमंडळाचे काय? कामकाज नियमांतला नियम १२ पंतप्रधानांना अपवाद करण्याची मुभा देतो; मंजुरी मागाहून घेतली तरी चालते.

संध्याकाळ. रामलीला मैदानावर विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण पोलिसांना आणि लष्कराला बेकायदा हुकूम न पाळण्याचे आवाहन करतात. हेच नंतर आणीबाणीचे समर्थन म्हणून पुढे केले जाईल. अटकेच्या याद्या मात्र आधीपासून तयार होत होत्या.

रात्री साडेदहा. गृहमंत्री ब्रह्मानंद रेड्डी यांना बोलावून निर्णय सांगितला जातो. त्यांचा सल्ला कोणी मागत नाही.

रात्री अकरानंतर. पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपतींकडे पोहोचते : आज रात्री मंत्रिमंडळ बोलावणे शक्य नाही, सकाळी विषय मांडेन. मध्यरात्रीपूर्वी सही होते.

मध्यरात्रीनंतर. बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज जाते.

पहाटे तीनच्या सुमारास. गांधी शांती प्रतिष्ठानातून जयप्रकाशांना अटक.

साडेचार. कॅबिनेट सचिव बी. डी. पांडे यांना फोन : सहा वाजता बैठक.

सकाळी सहा. मंत्रिमंडळ मंजुरी देते. संरक्षणमंत्री स्वर्णसिंग शंका काढतात. विरोध कोणीच करत नाही. त्यानंतर आकाशवाणीवरून देशाला कळते. बंगळूरमध्ये संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले मधु दंडवते, वाजपेयी आणि अडवाणी हे खासदार त्याच सकाळी पकडले जातात.

पुढची दारे भराभर बंद झाली. २७ जूनला मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग अडला. ३८व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीची घोषणाच न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने नंतर साधा हिशेब मांडला. पहाटे नव्वद मिनिटांच्या सूचनेवर जी बैठक भरली, ती आदल्या संध्याकाळी पाच ते रात्री अकरा या वेळेत भरवायला काय अडचण होती? वेळ भरपूर होता. विचारायचे नव्हते, एवढेच.

१९७८च्या ४४व्या दुरुस्तीने ही फट बुजवली : मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही, आणि ‘अंतर्गत अशांतते’च्या जागी ‘सशस्त्र उठाव’. पण सहाच्या बैठकीतही लेखी होकार सहज मिळाला असता. कागदाची अट घटनादुरुस्तीने घालता येते. नाही म्हणणारा मंत्री तिच्यातून मिळत नाही.