नागसेनवनातील लेखनपरंपरा आणि स्वमग्नांचे आत्मकथन

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले, तेव्हा निजामी राजवट संपून जेमतेम दोन वर्षे होत आली होती आणि मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फारच तुटपुंजी होती. नागसेनवनातील या मिलिंद महाविद्यालयामुळे खेड्यापाड्यांतील दलित मुलांना पदवीची वाट मोकळी झाली. परंतु त्याहून खोल परिणाम असा, की ज्यांच्याविषयी तोवर बहुधा इतरच लिहीत आले होते, त्यांनी येथे स्वतः लेखणी हाती घेतली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक या वातावरणातले. अमेरिकेत अध्ययन करून परतलेले म. ना. वानखेडे पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखकांचे वाङ्मय दलित तरुणांपुढे ठेवून, अपमानाचा अनुभव हाच साहित्याचा आशय होऊ शकतो, हा विश्वास त्यांनी दिला.

या विश्वासाला व्यासपीठ मिळाले ते गंगाधर पानतावणे (1937–2018) यांच्या ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकामुळे. प्रस्थापित नियतकालिकांच्या अभिरुचीत न बसणारी भाषा, वस्तीतील बोली आणि नवख्या लेखकाचे अडखळते पहिले लेखन त्यांनी सुमारे पाच दशके जिव्हाळ्याने छापले. मराठी संपादनाच्या इतिहासात या चिकाटीला तोड क्वचितच सापडेल. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला, तर 1972 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आपले नावच घेतले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये आले आणि आत्मकथन, म्हणजे स्वतःच्या जगण्याच्या कथनातून समूहाचे जगणे मांडणारा वाङ्मयप्रकार, मराठीत ठामपणे रुजला.

आपली गोष्ट कोणी सांगायची, हा दलित साहित्याने विचारलेला प्रश्न स्वमग्नतेच्या, अर्थात ऑटिझमच्या, कथनातही उभा राहतो. संवाद, संवेदना आणि सामाजिक देवाणघेवाण जन्मतःच वेगळ्या रीतीने घडवणारी ही मेंदूची जडणघडण लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांच्या निरीक्षणावरून वर्णिली; त्या मुलांचे पालक बहुतांशी उच्चशिक्षित असल्याने स्वमग्नता ही सुशिक्षित कुटुंबांतच आढळते, असा गैरसमज दीर्घकाळ टिकला आणि गरीब, कृष्णवर्णीय व आदिवासी मुले निदानातून वगळली गेली. पुढेही ही कथा मुख्यतः डॉक्टर आणि पालकच सांगत राहिले. लिडिया ब्राऊन, ई. अश्केनाझी आणि मोरेनिके गिवा ओनाइवू यांनी संपादित केलेला, केवळ वर्णभेद सोसणाऱ्या स्वमग्न लेखक-कलावंतांचे गद्य, कविता आणि चित्रे असलेला संग्रह 2017 मध्ये निघाला, तेव्हा दोन प्रकारचे वगळलेपण एकाच देहात वागवणाऱ्या माणसांना स्वतःच्या शब्दांत बोलण्याची जागा लाभली.

भारतात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला 21 दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. तथापि निदान करणारे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्यामुळे पाड्यावरचे किंवा वस्तीतले स्वमग्न मूल बहुधा ‘वेडसर’ या शिक्क्याखालीच वाढते, आणि जात व दिव्यांगत्व या दोहोंचा भार त्याच्यावर एकत्र पडतो. त्याची गोष्ट सहानुभूतीने सांगणारे लेखक मिळतील. दलित साहित्याने मात्र सहानुभूती आणि स्वानुभव यांतील अंतर मराठीला एकदा दाखवून दिले आहे. म्हणूनच मराठी संपादकांनी, विशेषतः नागसेनवनाचा वारसा सांगणाऱ्यांनी, स्वमग्न दलित, आदिवासी आणि भटक्या-विमुक्त व्यक्तींकडून लेखन मागवावे, ते टंकलेखनातून, चित्रांतून किंवा तुटक वाक्यांतून आले तरी त्याच रूपात छापावे, आणि या कामाला उशीर करू नये.