हंडाभर पाणी

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० बनायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. घाटकोपरला अण्णांनी अशीच एक जुनी घेतली. मे महिना लागला की तिच्यातून आम्ही सिन्नरला, गावी.

कसारा घाटात ती हमखास तापायची. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा; इंजिन हळू तर पंखाही हळू. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा सांभाळून घ्यायचा, पण घाटात ट्रकमागे रांगायला लागलो की संपलंच. अण्णा बॉनेट उघडून वाफ निवायची वाट बघत. वळणावरच्या पाड्यातली एक आजी न मागता हंडा घेऊन यायची. ‘‘अगोदर पोरांना पाजा, मग गाडीला,’’ म्हणायची.

एकदा तिच्या दारात रिकाम्या हंड्यांची रांग दिसली. टँकर आलाच नव्हता. भातसा, तानसा याच शहापूर तालुक्यातली धरणं. पाणी मात्र मुंबईला. आणि आम्ही तिचा हंडा रेडिएटरात ओतत होतो!

परत आल्यावर अण्णांनी मिस्त्री गाठला. जाड जाळीचा रेडिएटर टाकला, पाणी तापलं की आपोआप फिरणारा विजेचा पंखा बसवला. जुन्या डायनॅमोला तो भार झेपेना, म्हणून अल्टरनेटरही आला.

पुढच्या मेमध्ये गाडी घाटात तापली नाही. तरी अण्णा त्या वळणावर थांबले. डिकीतून दोन कॅन काढले, घाटकोपरच्या नळाचे.

‘‘आजी, तुमच्याकडचंच पाणी आहे,’’ म्हणाले.