मानमोडीची सांथ, गर्भिणी आणि लस : इन्सुली येथील एका टिपणावरून

शके १८४० च्या आश्विन वद्यांत, म्हणजे इ. स. १९१८ च्या ऑक्टोबराच्या अखेरीस, इन्सुली येथें आमच्या घरीं एक मृत्यु घडला. त्याची नोंद माझ्या आजोबांच्या टिपणवहींत दीड ओळींत आहे. कुटुंब सात महिन्यांची गरोदर असतां मानमोडीनें तापली, पांचव्या दिवशीं गेली, मूलही गेलें, एवढाच मजकूर. त्याच पानावर वरच्या अंगास नारळांचा हिशेब व खालीं बांद्याच्या बाजारांतून आणलेल्या मिठाची किंमत आहे. बाईचें नांव नाहीं. आजोबांनीं पुढें दुसरा विवाह केला, त्या विवाहापासून माझे वडील झाले, आणि म्हणूनच हा लेख लिहावयास मी आहें. आमच्या वंशावळींत मात्र आजोबांच्या नांवापुढें एकच पत्नी दाखविलेली आहे, ती दुसरी.

हें टिपण मीं पूर्वीं अनेक वेळां चाळलें होतें. त्याजकडे निराळ्या दृष्टीनें पाहण्याचा प्रसंग गेल्या वैशाखांत आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची सून, सहावा महिना चालू असलेली, एके सायंकाळीं ओटीवर येऊन बसली व म्हणाली, “गुरुजी, ही सुई घेव काय नको?” सावंतवाडीच्या डॉक्टरांनीं तिला इन्फ्लुएन्झाची लस पावसाळ्यापूर्वीं टोंचून घेण्यास सुचविलें होतें. घरांतील वडीलधाऱ्यांचें मत प्रतिकूल होतें. मी वैद्य नव्हें, आयुष्यभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं. परंतु जुन्या गोष्टी शोधणारास नव्या गोष्टीही ठाऊक असतात असा गांवांत एक समज आहे. त्या दिवशीं मीं तिला अर्धेंमुर्धें उत्तर दिलें. पुढील आठवडाभर जें वाचलें व पडताळून पाहिलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम सांथीविषयीं. मुंबईंत हा रोग १९१८ च्या जूनांत दिसला. पहिली लाट सौम्य होती व ती लवकर ओसरली. सप्टेंबरांत दुसरी उठली ती मात्र घातक ठरली. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें दगावलीं. सबंध हिंदुस्थानचा आंकडा सरकारनें आरंभीं ६० लक्ष धरला होता. पुढील अभ्यासकांनीं तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत नेला आहे. आजच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारींत सुमारें २५ कोटि २१ लक्ष होती, ती १९२१ सालीं २५ कोटि १३ लक्ष भरली. विसाव्या शतकांत वस्ती घटल्याचें हें एकच दशक होय. त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता व धान्य महागलें होतें, हेंही विसरतां कामा नये.

इन्सुली त्या काळीं सावंतवाडी संस्थानांत होती. (संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, गांव रत्नागिरी जिल्ह्यांत गेला व १९८१ पासून सिंधुदुर्गांत आहे.) पावसाळ्यांत बंद असलेली किनाऱ्याची आगबोट नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां चालू होई, आणि मुंबईच्या गिरण्यांतील चाकरमानी गणपतीस व पुढें सांथीच्या धास्तीनें याच वाटेनें घरीं परतत. त्या वर्षीं गणपति सप्टेंबरांत आले. तेव्हां वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरलेल्या माणसांबरोबर रोग आंतल्या गांवांत शिरला, असा माझा तर्क आहे. टिपणवहींतील तिथीशीं तो जुळतो. औषध असें कांहीं नव्हतेंच. काढा, लंघन व देवळांत गाऱ्हाणें, हे तीन उपाय. त्यांत लंघनानें अशक्त माणसाचें काय झालें असेल तें सांगावयास नको.

या सांथीचें एक लक्षण सर्व लेखकांनीं टिपलें आहे. एरव्हीं फ्लूनें म्हातारीं व लहान मुलें दगावतात. या खेपेस वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसें अधिक मेलीं. त्यांतही आपल्या इलाख्यांत पुरुषांपेक्षां स्त्रियांचें प्रमाण अधिक पडलें. कारणें उघड आहेत. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे, सर्वांमागून उरलेलें जेवणें त्यांच्याकडे. आणि त्या वयाच्या स्त्रियांपैकीं पुष्कळ गर्भवती असत. गर्भवतींचा निराळा हिशेब आपल्याकडे कोणीं ठेवला नाहीं. तो अमेरिकेंत ठेवला गेला. हॅरिस नांवाच्या डॉक्टरांनीं १९१९ सालीं १३५० गर्भवती रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत शेंकडा २७ स्त्रिया मेल्या होत्या, आणि ज्यांना फुफ्फुसदाह झाला त्यांपैकीं सुमारें निम्म्या. आमच्या घरची दीड ओळ मीं या आंकड्यांशेजारीं ठेवली तेव्हां ती दैवाची गोष्ट राहिली नाहीं.

असें कां होतें, याचें उत्तर आज ठाऊक आहे. गर्भ वाढतो तसतसा श्वासपटल वर ढकललें जातें व फुफ्फुसांस जागा कमी पडते; हृदयावर भार वाढतो; आणि शरीराची रोगाशीं झुंजण्याची रीतही त्या काळांत थोडी पालटते. पुढच्या सांथींत हेंच दिसलें. १९५७ च्या सांथींत अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतीं प्रसूतीच्या वयाच्या ज्या स्त्रिया फ्लूनें मेल्या त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या गर्भवती होत्या. २००९ सालीं ‘स्वाइन फ्लू’ म्हणून जी सांथ आली, जिचा भारतांतील पहिला बळी ऑगस्टांत पुण्यास पडला, त्या सांथींत अमेरिकेंतील लोकसंख्येंत गर्भवती शेंकडा एक असतां मृतांत शेंकडा पांच आढळल्या.

आतां घरांतील वडिलांच्या आक्षेपाकडे वळूं. तो असा, कीं गरोदर बाईला औषध देऊं नये, हें शास्त्र आहे. शास्त्राचें नांव निघालें म्हणून मीं चरकाचें शारीरस्थान काढलें. आठव्या अध्यायांत गर्भिणीची व्यवस्था सांगितली आहे. तेलानें कांठोकांठ भरलेलें भांडें जसें न हिंदकळतां न्यावें तसें तिला जपावें, हा दृष्टांत तेथलाच. वमन, विरेचन, रक्तमोक्ष इत्यादि उपचार तिला करूं नयेत, असेंही तेथें आहे. वडीलमाणसें येथपर्यंत बरोबर सांगतात. पण त्याच वाक्यांत अपवाद जोडला आहे: व्याधि ‘आत्ययिक’, म्हणजे प्राणावर बेतणारा असेल तर गोष्ट निराळी; आणि आठव्या महिन्यापासून अशा प्रसंगीं तेच उपचार मृदु करून योजावे. नियम घरोघर पोंचला, अपवाद पोथींतच राहिला. अर्थात् चरकाला लस ठाऊक नव्हती, व ती त्याच्या तोंडीं घालण्याचा माझा हेतु नाहीं. तें पाप पूर्वीं होऊन चुकलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रासेकडे देवीच्या लसीचा प्रसार व्हावा म्हणून एलिस नांवाच्या कलेक्टरानें जुन्या वळणाची एक कथा रचली. पुढें धन्वंतरीच्या नांवावर लसीचीं बनावट वचनें फिरूं लागलीं व चांगले चांगले लोक तीं खरीं मानून बसले. हेतु शुद्ध असला तरी खोटा आधार तो खोटाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याची मुळें देवीच्या लसीपर्यंत जातात. मुंबईंत देवीची पहिली लस १८०२ च्या जूनांत तीन वर्षांच्या एका मुलीस टोंचली गेली. तेव्हांपासून दीडशें वर्षें देवी काढणारा गांवांत आला कीं बायका मुलांस लपवीत, आणि गरोदर बाईस तर त्याच्या वाऱ्यासही उभें करीत नसत. यांत निव्वळ अडाणीपणा नव्हता. देवीची लस जिवंत जंतूची होती, आणि क्वचित् कां होईना ती गर्भास बाधे. म्हणून रोगाशीं प्रत्यक्ष संबंध आल्याखेरीज गर्भवतीस ती देऊं नये असेंच डॉक्टरही सांगत. उलट देवी प्रत्यक्ष आल्या तर गर्भवतींत त्यांचें रक्तस्रावी रूप विशेष दिसे, हें मद्रासच्या सांसर्गिक रोगांच्या इस्पितळांतील डॉ. ए. आर. राव यांनीं दाखविलें. आजीच्या भयास आधार होता. तो आधार कोणत्या लसीस लागू व कोणत्या लसीस नाहीं, एवढाच प्रश्न.

इन्फ्लुएन्झाची जी लस सुईनें टोंचतात ती मारलेल्या जंतूंची असते. त्यांपासून रोग होऊं शकत नाहीं, गर्भासही नाहीं. नाकांत फवारावयाची एक लस आहे ती जिवंत परंतु दुबळ्या केलेल्या जंतूंची, आणि ती गर्भवतीस देत नाहींत. हा भेद आपल्याकडे २०१० सालीं उघड झाला होता. त्या वर्षीं स्वाइन फ्लूवर अहमदाबादच्या झायडस कॅडिलानें टोंचावयाची लस आणली व पुण्याच्या सीरम संस्थेनें नाकांत फवारावयाची. पैकीं दुसरी गर्भवतींसाठीं नव्हती. बातम्यांत दोहोंस ‘स्वाइन फ्लूची लस’ हें एकच नांव पडल्यानें लोकांच्या मनांत जो घोळ झाला तो माझ्या मतें अद्याप पुरता निवळलेला नाहीं. आमच्या गांवच्या घरांत जो वाद चालला होता त्याचें मूळ मला येथेंच सांपडलें. कोणा आतेनें ‘फ्लूची लस गरोदर बाईला चालत नाहीं’ असें कुठेंसें ऐकलें होतें, आणि तें अर्धें खरेंही होतें.

टोंचण्याच्या लसीविरुद्ध कांहींच नाहीं, असेंही म्हणतां येत नाहीं. १९७६ सालीं अमेरिकेंत एका नव्या फ्लूच्या भीतीनें चार कोटींहून अधिक लोकांस घाईनें लस दिली; सांथ आलीच नाहीं, आणि लस घेतलेल्यांत लक्षामागें सुमारें एकास हातपाय लुळे पडण्याचा विकार अधिक जडल्याचें दिसून मोहीम थांबविली गेली. हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्यानंतरच्या लसींत तसें प्रमाण पुन्हां दिसलेलें नाहीं. गर्भवतींस ही लस द्यावी अशी शिफारस अमेरिकेंत १९६० पासून आहे, म्हणजे अनुभव साठ वर्षांहून जुना आहे. दंड दुखणें, एखादा दिवस कणकण, हा नेहमींचा त्रास.

आणि एक गोष्ट मला स्वतःस पूर्वीं ठाऊक नव्हती. सहा महिन्यांच्या आंतील बालकास फ्लूची लस देतां येत नाहीं. त्याला रक्षण मिळावयाचें तें आईच्या रक्तांतून नाळेवाटे. ढाक्यास ३४० मातांवर केलेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लस घेतलेल्या मातांच्या मुलांत तपासणीनें सिद्ध झालेला इन्फ्लुएन्झा शेंकडा ६३ नें कमी आढळला. नेपाळांत पुढें ३६९३ स्त्रियांवर प्रयोग झाला त्यांत हें प्रमाण शेंकडा ३० च भरलें. दोन आंकड्यांतील अंतर मोठें आहे, आणि मोठ्या प्रयोगाचा लहान आंकडा मी अधिक जवळचा मानतों. तरी तीसही थोडके नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१२ सालीं या लसीच्या बाबतींत गर्भवतींस सर्वांत वरचें स्थान दिलें तें आई व मूल दोहोंचा विचार करून. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहींतील गर्भवतींस ही लस फुकट देण्याचें ठरविलें होतें. धनुर्वाताच्या लसीप्रमाणें ती राष्ट्रीय वेळापत्रकांत मात्र नाहीं. म्हणूनच ती घरोघर निर्णयाचा विषय होते.

धनुर्वाताचें नांव आलें तें बरें झालें. त्या मुलीच्या सासूबाईंना मीं विचारलें, तुमच्या वेळीं सुया घेतल्या होत्या कां? त्या म्हणाल्या, दोन घेतल्या, त्या तर सगळ्याच घेतात. गर्भवतींस धनुर्वाताची लस देण्याचा क्रम आपल्या देशांत १९७० नंतरच्या दशकांत सुरू झाला, आणि २०१५ सालीं माता व नवजात बालकांचा धनुर्वात भारतांतून हटल्याचें जाहीर झालें. चाळीस वर्षांत जी गोष्ट नवी होती ती रूढि झाली. सासूबाई कांहीं वेळ गप्प बसल्या. मग त्यांनीं लसीची किंमत विचारली.

मुलीस मीं एवढेंच सांगितलें: तुझा नववा महिना श्रावण-भाद्रपदांत येतो, आणि आपल्याकडे हा रोग पावसाळ्यांतच अधिक फिरतो. लस दर वर्षीं नव्यानें बनते, तिचा गुण कांहीं महिनेच टिकतो, व अंगीं लागावयास दोनेक आठवडे लागतात. म्हणून घ्यावयाची तर मृगापूर्वीं. टोंचण्याचीच आहे ना, हें विचारून घे. अंड्याचें किंवा पूर्वींच्या एखाद्या लसीचें वावडें असेल तर डॉक्टरांस आधीं सांग. निर्णय तुझा. टिपणवहीचें तें पानही मीं तिला दाखविलें. तिनें तें दोनदां वाचलें व विचारलें, “ह्या बायचा नांव काय?” मला सांगतां आलें नाहीं. पुढच्या सोमवारीं ती सावंतवाडीस जाऊन लस घेऊन आली.

वंशावळींत आतां मीं आजोबांच्या नांवापुढें ‘प्रथम पत्नी, मृत्यु शके १८४० आश्विन वद्य’ अशी जागा केली आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं दक्षिण कोंकणांतील शके १८४० च्या आश्विन-कार्तिकांतील टिपणवह्या, जमाखर्च किंवा पत्रें असतील त्यांनीं त्यांतील गरोदर वा बाळंतीण स्त्रियांच्या मृत्यूच्या नोंदी, नांवांसह मिळाल्यास नांवांसह, मंडळाकडे पाठवाव्या. श्राद्धाच्या याद्याही पाहाव्या. अशा नोंदी पुष्कळदां तेथें सांपडतात.