शिंपल्यांमध्ये कर्करोग साथीसारखा पसरतो, तो कसा?

कर्करोग संसर्गजन्य नाही, हे आपण नेहमी ऐकतो. रुग्णाजवळ बसल्याने किंवा त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही, आणि ते खरंच आहे. पण समुद्रातल्या काही शिंपल्यांच्या बाबतीत हा नियम मोडतो. तिथे कर्करोग एका शिंपल्यातून दुसऱ्यात जातो आणि त्यासाठी त्याला विषाणूचीही गरज लागत नाही. कर्करोगाच्या पेशी स्वतःच प्रवास करतात.

हे कळलं कसं?

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर चिखलात सॉफ्ट-शेल क्लॅम नावाचे शिंपले सापडतात. वाफवून खातात म्हणून लोक त्यांना ‘स्टीमर’ही म्हणतात. १९७० च्या दशकापासून त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगासारखा आजार दिसत होता. आजारी शिंपल्याचं पारदर्शक रक्त कर्करोगाच्या पेशींनी भरून दुधाळ होतं आणि बहुतेक वेळा तो मरतो. प्रदूषण किंवा एखादा विषाणू याला कारण असेल, असा अंदाज होता.

२०१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले मायकेल मेट्झगर, स्टीफन गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशींचा डीएनए तपासला. नेहमीचा कर्करोग रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी बिघडून होतो, म्हणून गाठीचा डीएनए रुग्णाच्या डीएनएशी जुळतो. इथे तो जुळलाच नाही. उलट न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड आयलंड अशा दूरदूरच्या ठिकाणच्या आजारी शिंपल्यांमधल्या कर्करोगपेशी एकमेकींशी जुळत होत्या.

याचा अर्थ एकच. फार पूर्वी एका शिंपल्याला कर्करोग झाला. तो शिंपला मेला, पण त्याच्या पेशी इतरांच्या शरीरात वाढत राहिल्या.

पेशी पसरतात कशा?

शिंपले पाणी आत ओढतात, त्यातलं अन्न गाळून घेतात आणि पाणी बाहेर सोडतात. आजारी शिंपल्यातून कर्करोगपेशी पाण्यात जातात. थंड समुद्रात त्या कित्येक दिवस जिवंत राहू शकतात. शेजारचा शिंपला पाणी गाळताना त्या आत घेतो आणि लागण होते.

माणसाच्या शरीरात परकी पेशी शिरली तर प्रतिकारशक्ती ती ओळखून मारते. म्हणूनच अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी जुळणी पाहावी लागते. शिंपल्यांकडे परकं ओळखणारी आपल्यासारखी यंत्रणा नाही.

जनुकांनी सांगितलेला इतिहास

या विषयातलं महत्त्वाचं काम पीएचडीच्या संशोधकांनी केलं आहे. अमेरिकेत सॅम्युएल हार्ट यांनी क्लॅमच्या कर्करोगाचा संपूर्ण जनुकसंच वाचला. पेशींमध्ये साचत गेलेले बदल मोजल्यावर हा कर्करोग २०० वर्षांहून जुना असल्याचं दिसलं. म्हणजे मूळ शिंपला मरून दोन शतकं उलटली, तरी त्याच्या पेशी अजून जगताहेत.

स्पेनच्या सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठात अ‍ॅलिसिया ब्रुझोस आणि सहकाऱ्यांनी कॉकल या शिंपल्याचा अभ्यास केला. ११ देशांतून सुमारे ७ हजार कॉकल गोळा केले. निरोगी कॉकलच्या पेशीत ३८ गुणसूत्रं असतात. कर्करोगपेशींत मात्र कुठे ११, तर कुठे ३५० हून अधिक सापडली. जनुकांची एवढी मोडतोड होऊनही या पेशी टिकल्या. इतकंच नाही, तर पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रियाही त्यांनी वेळोवेळी नव्या यजमानाकडून उचलली. हे दोन्ही अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एका जातीतून दुसऱ्या जातीत

स्पेनच्या किनाऱ्यावर एका जातीच्या शिंपल्यातला कर्करोग मुळात वेगळ्याच जातीतून आल्याचं २०१६ मध्ये आढळलं. उत्तर पॅसिफिकमधल्या एका जातीच्या मसलमध्ये जन्मलेला कर्करोग तर युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या मसलमध्ये सापडला. पेशी एवढा समुद्र स्वतःहून ओलांडणं अवघड आहे. जहाजांच्या तळाला चिकटलेल्या मसलबरोबर त्या गेल्या असाव्यात, असं संशोधकांना वाटतं.

मच्छीमारांसाठी आणि शिंपल्यांची शेती करणाऱ्यांसाठी ही गंभीर गोष्ट आहे. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जिवंत शिंपले नेताना आजारही सोबत जाऊ शकतो.

आणखी कोणात असा कर्करोग असतो?

टास्मानियन डेव्हिल या प्राण्यात चेहऱ्यावर गाठी आणणारा कर्करोग १९९६ मध्ये प्रथम दिसला. चावाचावीतून तो पसरतो. कुत्र्यांमधला असा कर्करोग तर हजारो वर्षं जुना आहे. तो मुख्यतः समागमातून पसरतो आणि भारतातल्या भटक्या कुत्र्यांमध्येही आढळतो. औषधांनी तो बहुधा बरा होतो.

मग तिसऱ्या, कालवं खायची की नाही?

खायला हरकत नाही. शिंपल्यांचा हा कर्करोग माणसाला झाल्याची एकही नोंद नाही. शिंपले नीट धुऊन, पूर्ण शिजवून खावेत, पण ते जिवाणू-विषाणूंपासून वाचण्यासाठी. त्यामुळे ‘शिंपले खाल्ल्याने कॅन्सर’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवू नका.

शास्त्रज्ञांना यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. माणसातला कर्करोग रुग्णाबरोबर संपतो, म्हणून तो शतकानुशतकं कसा बदलत गेला असता हे पाहायला मिळत नाही. शिंपल्यांमध्ये मात्र ते दिसतं. शिवाय काही शिंपले या लागणीतून वाचतात. ते कसे वाचतात हे कळलं, तर कर्करोगाला रोखण्याबद्दलही बरंच काही शिकता येईल.